मुलगी कोणाची, हे विचारण्याची नोकरी

फेब्रुवारी लागला की शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात माझ्या टेबलापुढं आई-बापांची रांग लागायची. एरवी मला फारसं कोणी ओळखत नसे. पगार वेळेवर झाला तर तो कंपनीनं केला आणि कमी आला तर कुलकर्णीनं कापला, एवढीच माझी ख्याती. पगार विभागात उभं आयुष्य काढल्यावर त्याचं वाईट वाटणंही बंद झालं होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगणं अवघड नाही. सरकार पगारावर कर घेतं, पण काही खर्च दाखवले तर त्यात सूट देतं. मुलांच्या शाळेची फी हा त्यातलाच एक खर्च. वर्षाच्या सुरुवातीला माणूस नुसतं तोंडानं सांगतो, की मी एवढी फी भरणार आहे. वर्ष सरत आलं की त्याची पावती आणून दाखवायची. पावती पटली तर सूट मिळते, नाही पटली तर मार्चचा पगार हातात येतो तेव्हा चेहरा उतरतो. ती पावती पटवून घेणारा माणूस मी. खोटी पावती माझ्या हातून सुटली तर उद्या आयकर खात्याची नोटीस कंपनीला, आणि खरी पावती मी अडवली तर कुणाच्या तरी घरचा तो महिना ओढाताणीचा. मार्च संपेपर्यंत मी एकेक पावती दोन-दोनदा तपासत असे. बायको म्हणायची, "परीक्षा मुलांची असते की तुमची?"

नियम तसे साधे. फक्त शिकवण्याची फी धरायची. डोनेशन नाही, बस नाही, गणवेश नाही, नाचाचा क्लास तर मुळीच नाही. नर्सरी चालते, बालवाडी चालते, पण पाळणाघर चालत नाही. हा शेवटचा नियम सांगताना मला सगळ्यात जास्त बोलणी बसत. स्टोअरमधले रफिकभाई एकदा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सर, नर्सरी में बच्चा दो घंटे बैठता. बाकी का दिन उसको वो पाळणेवाली बाई सँभालती, तब जाके हम मियाँ-बीवी ड्यूटी करते. असल खर्चा किधर हुआ, आपीच बोलो."

मी म्हणालो, "रफिकभाई, तुमचं खरं आहे. पण नियम मी केलेला नाही."

"तो फिर जिसने किया, उसके घर में बच्चे दादी सँभाली होगी," असं म्हणून ते हसत निघून गेले. मला मात्र ते बोलणं दिवसभर पुरलं.

दुसरे एक पवार म्हणून सुपरवायझर होते. सूट दोनच मुलांच्या फीवर मिळते आणि त्यांना मुलं तीन. तीन पावत्या पत्त्यांसारख्या हातात धरून ते माझ्यापुढं उभे. कोणती दोन द्यायची? मी म्हणालो, जास्त फीची दोन द्या. तर हा माणूस अवघडून म्हणतो, "म्हणजे धाकटी वगळायची? सर, तिला मोठेपणी कळलं तर?" त्यांची बायको शिक्षिका होती. धाकटीची पावती बायकोच्या शाळेत, तिच्या पगारासाठी द्या, प्रत्येक पालकाला दोन मुलं धरता येतात, असं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

अशा गमती बऱ्याच आहेत. पण निवृत्त झाल्यावरही जी माझ्या डोक्यातून जात नाही, ती वैशालीची हकीकत.

वैशाली आमच्या क्वालिटी विभागात होती. फुलंब्रीची, शेतकरी घरातली, डिप्लोमा झालेली. रोज कंपनीच्या बसनं यायची, डबा मशीनजवळच्या बाकावर खायची, कामापुरतं बोलायची. त्या फेब्रुवारीत तिनं नर्सरीच्या फीची पावती दिली. पावतीवर मुलीचं नाव स्वरा, पुढं वडिलांचं नाव सुनील, आणि आडनाव वेगळंच. आमच्या नोंदीत वैशालीच्या नावाआधी 'कुमारी' होतं. माझ्या केबिनबाहेरच्या टेबलावरच्या माणसानं पावती पाहिली आणि भुवया उडवल्या. "कुमारी आणि नर्सरी? वा!" तो मुद्दाम मोठ्यानं बोलला. दोघं-तिघं हसले. मी पावती त्याच्या हातातून घेतली आणि वैशालीला एकटीला बोलावून घेतलं.

असं विचारणं ही माझी नोकरी होती, पण त्या दिवशी मी आधी केबिनचं दार लावून घेतलं.

"वैशाली, ही मुलगी कोणाची?"

"माझी," ती म्हणाली.

मी पावतीवरच्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. तिनं ते नाव पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या बहिणीची हाये सर. ज्योतीताईची. ही अंगावर पीत व्हती तवा ताई कावीळ होऊन गेली. दाजी लासूर स्टेशनला असतेत, आडतीवर कामाला. त्यांनी दुसरं लग्न केलं. तवापासून स्वरा माझ्यापाशीच हाये. मला आईच म्हणती."

मी तिला नियम सांगितला. सूट स्वतःच्या अपत्याच्या फीला असते. पोटचं चालतं, रीतसर दत्तक घेतलेलं चालतं. भाची चालत नाही, भले तिला तुम्ही जन्मभर सांभाळा. मला वाटलं ती वाद घालील, रडेल. ती पावतीकडं बघत राहिली.

"पैशाचं जाऊ द्या सर. कापा तुम्ही. पण मंग कागदावर ती माझी कोणीच नाय, असंच ना?"

"कायद्यानं... तसंच आहे."

"म्हणजे दाजी उद्या येऊन म्हणले, द्या माझी पोरगी, तर मला काय बोलता यायचं नाय?"

"नाही," मी म्हणालो. तिनं कधी हा विचार केलाच नव्हता, असं नाही. पण तो असा समोर टेबलावर मांडलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं पावतीची घडी घातली. जाताना दारातून वळून विचारलं, "लग्न नसंल तर बाईला दत्तक घेता येतं का?"

मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो, म्हणालो.

अदालत रोडवर माझ्या ओळखीचे एक वकील बसतात. कमी बोलणारे आणि नेमकं बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतं की. बिनलग्नाच्या बाईला दत्तक घेता येतं. आई वारलेली आहे, म्हणजे द्यायचा अधिकार बापाचा. त्यानं राजीखुशीनं दिलं पाहिजे, दत्तकपत्र नोंदवून टाकू. कायद्याची अडचण नाही."

"मग कशाची आहे?"

"बापाला विचारावं लागेल. आज तो गप्प आहे म्हणून मुलगी तिच्याकडं आहे. त्याला विचारलं की त्याला हो म्हणायची मुभा, आणि नाही म्हणायचीही. नाही म्हणून तो मुलगी घेऊन गेला, तर मी काही करू शकणार नाही. हे तिला नीट समजावून सांगा. मग ठरवू द्या."

हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. तिच्या आईचा तर ठाम विरोध होता. विचारूच नको म्हणायची, चाललंय तसं चालू दे. आणि अंगावर पोर घेऊन बसलीस तर तुझ्याशी लग्न कोण करील? वैशाली हे मला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "सर, विचारलं तरी भ्या, नाय विचारलं तरी भ्याच."

त्या दिवसांत रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या केबिनच्या काचेबाहेरून जायची. मी मान वर करायचो, ती मान हलवायची. अजून नाही, असा त्याचा अर्थ. मलाही घरी गेल्यावर चैन पडत नसे. फीची पावती नाकारणं माझं काम होतं, ते मी केलं होतं. पण त्यातून निघालेली ही काळजी कोणत्या विभागाची, ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

अखेर तिनं फोन केला. दाजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बघू." त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

मार्चचे पगार होऊन गेले. एके दिवशी दुपारी वैशाली धावतच माझ्या केबिनमध्ये आली. हातात फोन, कपाळावर घाम.

"सर, पाळणाघरातून शोभाताईंचा फोन व्हता. दाजी आलेत. म्हणतेत, पोरीला न्यायला आलो."

कंपनीची बस संध्याकाळशिवाय सुटत नाही. मी तिच्या साहेबांना सांगून गेटपास घेतला आणि तिला माझ्या गाडीत बसवलं. सावंगी बायपासला मुरमाचे डंपर एकामागून एक चालले होते. मला ओव्हरटेक करायची सवय नाही, त्या दिवशी मी केलं. वैशाली सारखी फोन लावत होती. शोभाताई उचलत नव्हत्या. एकदा उचलला तेव्हा त्या घाईघाईनं म्हणाल्या, "मी ग्रिलला आतून कुलूप लावलंय. तू ये लवकर," आणि फोन ठेवला.

"सर, पोलिसांत सांगू का?" वैशालीनं विचारलं.

पोलीस आले असते तर त्यांनी बाप कोण एवढंच विचारलं असतं. हे मी तिला सांगितलं नाही. "आधी पोचू," एवढंच म्हणालो. ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिच्या मांडीवरच्या मुठी मला दिसत होत्या.

नर्सरी सुटल्यावर स्वरा जिथं असायची ते फुलंब्रीचं पाळणाघर म्हणजे शोभाताईंच्या घराचीच पुढची खोली. बाहेरच्या ओट्यावर एक सडपातळ माणूस बसला होता, शेजारी कापडी पिशवी. आम्हाला पाहून तो उठला. मला वाटलं होतं कोणी दांडगट असेल. हा तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला दिसला.

"कुलूप कशाला लावलं वैशाली? म्या काय चोर हाये का?"

"न्यायला आलात का दाजी?"

त्यानं पिशवी उचलून हातात घेतली. मग म्हणाला, "आई म्हणती घेऊन ये. लोकं नावं ठेवतेत म्हणती, की लेक दुसऱ्याच्या दारात टाकली. घरची म्हणती, आणा नायतर ऱ्हाऊ द्या, पण एकदा काय ते ठरवा. मला तर काय सुचंना. म्हणून आलो."

मी मधे पडणार होतो. काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं. पण वैशालीनं शोभाताईंना हाक मारली आणि म्हणाली, "कुलूप काढा ताई." शोभाताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. कुलूप निघालं.

"या दाजी, आत या. झोपली असंल. बघा तिला."

खोलीत सतरंजीवर चार-पाच पोरं झोपली होती. स्वरा भिंतीकडच्या बाजूला, एक हात डोक्याखाली घेऊन. तो माणूस दाराशीच थांबला. बराच वेळ उभा राहिला. वैशाली त्याच्या आणि मुलीच्या मधे उभी नव्हती, बाजूला उभी होती. ते तिला कसं जमलं, मला अजून कळत नाही.

"ज्योती अशीच झोपायची," तो म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून एक फ्रॉक काढला, सतरंजीच्या कडेला ठेवला आणि पायात चप्पल घातली. "बघतो," म्हणाला, मी नंबर लिहून दिलेली चिठ्ठी खिशात घातली आणि स्टँडकडं निघून गेला. फ्रॉक स्वराला दोन वर्षांपूर्वी बसला असता.

पुन्हा सगळं अधांतरी. वैशालीनं शोभाताईंना सांगून ठेवलं की माझ्याशिवाय कोणाच्या हाती मुलगी द्यायची नाही, पण सांगताना तिलाच ठाऊक होतं की असं सांगायचा तिला अधिकार नाही. क्वालिटीच्या साहेबांनी मला विचारलं, वैशाली आजारी आहे का, तपासणीत चुका करायला लागली आहे. मी म्हणालो, जरा सांभाळून घ्या.

उन्हाळा संपत आला तेव्हा मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मी सुनील बोलतोय, लासूर स्टेशनहून. सही कुठं करायची?"

मला पटकन समजलंच नाही. समजल्यावर मी खुर्चीत नीट बसलो आणि नियमाप्रमाणे विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?"

तो म्हणाला, "घरी दुसरं लेकरू हाये सर. हिला आणलं तर ती माझ्या घरात पाव्हणी म्हणून ऱ्हाईल. तिथं ती घरची हाये. राजीखुशी म्हणतेत ते हेच का, तुमचं तुम्ही ठरवा."

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही वैशालीच्या घरी जमलो. वकील, सुनील, वैशालीची आई, शोभाताई, आणि साक्षीदार म्हणून मी. आधी घरी विधी आणि मग दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदणी असं ठरलं होतं. वकिलांनी कागद वाचून दाखवला आणि मग जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"नुसत्या सह्यांनी दत्तक होत नाही. देणाऱ्यानं मूल प्रत्यक्ष आपल्या हातानं द्यावं लागतं आणि घेणारीनं ते घ्यावं लागतं. सगळ्यांसमोर. सुनीलराव, मुलीला घ्या."

सुनीलनं हात पुढं केले. स्वरा वैशालीच्या गळ्याला घट्ट बिलगली. तिच्या लेखी तो कोणीतरी परका माणूस होता. तिच्या आजीनं समजावलं, शोभाताईंनी बिस्किटाचा पुडा दाखवला. तिनं तोंड आणखी आत खुपसलं. वकील म्हणाले, "घाई नाही." पण त्यांनी घड्याळाकडं पाहिलं ते मी पाहिलं.

जी मुलगी त्याच्याकडं जातच नाही, ती त्यानं द्यायची कशी? आणि वैशालीनं तिला त्याच्या हातात द्यायची, म्हणजे इतक्या महिन्यांत ज्याचं भय वाटलं तेच आपल्या हातांनी करायचं. कागदावर अजून कोणाची सही नव्हती. तो तिला घेऊन चालता झाला असता तर त्याला अडवायचा हक्क आमच्यापैकी एकालाही नव्हता.

वैशालीनं स्वराच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या कानात काहीतरी बोलली. मग तिचे हात आपल्या गळ्यातून एक-एक करून सोडवले आणि मुलगी दाजींच्या हातात दिली.

स्वरानं असा टाहो फोडला की शेजारची माणसं दारात आली. सुनीलनं तिला छातीशी धरलं. त्याला लहान मूल धरायची सवय होती, ते दिसत होतं. तो तिला थोपटत दाराकडं गेला. मग उंबऱ्यापर्यंत. मग अंगणात. वैशालीचा पाय पुढं पडला आणि तिनं तो मागं घेतला. तिची आई दाराशी जाऊन उभी राहिली. मी वकिलांकडं पाहिलं, ते अंगणाकडं पाहत होते. अंगणात तो मुलीला घेऊन फिरत होता, पाठमोरा, आणि काहीतरी बोलत होता. काय, ते ऐकू आलं नाही. हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं. तो आणखी एक चक्कर मारून आत आला.

वैशालीपुढं उभा राहून त्यानं मुलगी तिच्या हातात दिली. "घे," म्हणाला. "ही तुझी."

वैशालीनं तिला घेतलं. स्वरानं पुन्हा तिच्या गळ्यात हात टाकले.

कचेरीतलं काम विशेष नव्हतं. अंगठे, फोटो, सह्या. बाहेर पडल्यावर सुनीलनं वकिलांना विचारलं, "मंग आता मी तिचा कोण?" वकील म्हणाले, "कायद्यानं तुमचं नातं संपलं." तेव्हा वैशाली पुढं होऊन म्हणाली, "कायद्याचं ऱ्हाऊ द्या दाजी. दिवाळीला या. ताईचा फोटो हाये घरात, तो स्वराला दाखवायला कोणीतरी पाहिजे ना."

करसवलतीचं म्हणाल तर ती वैशालीला मिळालीच नाही. दत्तकपत्र हातात आलं त्याच वर्षी तिनं हिशोब करून कराची नवी पद्धत घेतली. त्यात कराचे दर कमी आहेत, पण शाळेच्या फीला सूट नाही. मी जरा ओशाळून तिला हे सांगितलं, तर ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढं तिचं लग्न ठरलं, मुलीसकट. मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी पत्रिका द्यायला ती आणि स्वरा दोघी आल्या होत्या.

पण मला आठवतो तो नोंदणीचा दिवस. परत येताना सुनीलला शहरातल्या रेल्वे स्टेशनवर सोडायचं होतं, तो माझ्याच गाडीत होता. मुलगी सकाळी त्याच्या खांद्यावर रडली होती. तिच्या डोळ्यांतलं काजळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर चांगलं तळहाताएवढं पसरलं होतं. स्टेशनवर उतरताना मी म्हणालो, "सुनीलराव, डाग पडलाय. गाडीत पाण्याची बाटली आहे, हा रुमाल घ्या, पुसून टाका."

त्यानं मान वळवून खांद्याकडं पाहिलं.

"असू द्या सर," तो म्हणाला, आणि त्या खांद्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून गर्दीत शिरला.